मनोरथ आणि संकल्प



आमच्या लहानपणीं घरांत कांहीं कार्य निघालें म्हणजे गुरुजी यजमानाच्या हातावर पळीनें पाणी घालून त्याच्याकडून संकल्प वदवून घेत. आम्हां मुलांना तो भाग अत्यंत कंटाळवाणा वाटे. आंत प्रसादाचा शिरा तयार असावयाचा आणि बाहेर गुरुजी संवत्सर, अयन, ऋतु, महिना, पक्ष, तिथि, वार, नक्षत्र अशी लांबलचक यादी म्हणत बसावयाचे. मग यजमान कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर बसला आहे तें, मग त्याचें गोत्र आणि नांव, मग कशासाठीं, आणि सर्वांच्या शेवटीं तो काय करणार तें. एवढें झालें म्हणजे हातावरचें पाणी ताम्हनांत सोडावयाचें. पूजेला आरंभ त्यानंतर.

आज इतक्या वर्षांनीं मला असें वाटूं लागलें आहे कीं, त्या सबंध विधींत मला शिकण्यासारखें जें कांहीं होतें, तें या कंटाळवाण्या भागांतच होतें. श्रद्धेचा प्रश्न आपण क्षणभर बाजूला ठेवूं. ज्या कोणीं ही रीत घातली त्याला मनुष्यस्वभावाची एक गोष्ट पक्की ठाऊक असली पाहिजे. 'मी केव्हां तरी पूजा करीन' असें म्हणणारा मनुष्य पूजा करीलच असा भरंवसा नाहीं. परंतु तो कोण, कोठें बसून, कोणत्या दिवशीं, कशासाठीं आणि नेमकें काय करणार, हें चारचौघांसमक्ष त्याच्याच तोंडून वदवून घेतलें, म्हणजे त्याला पळवाट फारशी राहत नाहीं. पहिला आहे तो मनोरथ. दुसरा आहे तो संकल्प. आजचें माझें भाषण या दोहोंमधील अंतराविषयीं आहे.

मनोरथ वाईट असतो असें मी म्हणत नाहीं. ज्याला मनोरथच नाहींत तो संकल्प तरी कशाचा करणार? पण मनोरथाचा एक मोठा दोष असा कीं, तो पुरा न होतांहि पुष्कळ समाधान देतो. पाडव्याला नव्या रोजनिशीच्या पहिल्या पानावर 'या वर्षीं पहांटे उठून व्यायाम करावयाचा, संस्कृताचा अभ्यास पुन्हा सुरू करावयाचा, नोकरींत वरची जागा मिळवावयाची' असें सुंदर अक्षरांत लिहिलें कीं, तेवढ्यानेंच अर्धें काम उरकल्यासारखें वाटतें. पुढें ती रोजनिशी दुधाच्या आणि इस्त्रीच्या हिशेबाला उपयोगी पडते, एवढाच काय तो तिचा लाभ.

उपदेश करणारानें प्रथम आपलें घर दाखवावें हें बरें. माझी आई रत्नागिरी जिल्ह्यांतील एका खेड्यांत वाढली आणि संसारहि तिनें तेथेंच केला. वडील गेल्यावर ती पुण्यास माझ्याकडे राहावयास आली. तिच्या बोलण्यांत जे शब्द सहज येत, ते माझ्या मुलांना तर सोडाच, पण मलाहि पुष्कळदां अर्धवटच कळत. राब भाजणें, तरवा काढणें, कुणगा, उडवी, मुडी, कणगी, रोंवळी, इरलें. हे त्यांतल्या त्यांत सोपे. मी मराठीचा शिक्षक. हे शब्द या बाईबरोबर आमच्या घरांतून जाणार, हें मला स्वच्छ दिसत होतें. कोंकणांतील शेतीच्या आणि घरकामाच्या शब्दांचा एक चांगला कोश आपण करावा, असा मनोरथ मीं केला. त्यासाठीं मोठी बांधीव वही आणली. पहिल्या पानावर कोशाचें नांव लिहिलें आणि त्याखालीं माझें. मित्रमंडळींना योजना सांगितली; त्यांनीं तिची वाखाणणी केली. तेव्हां आई एकसष्ट वर्षांची होती. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाली, तेव्हांहि त्या वहीच्या दुसऱ्या पानाला शाई लागलेली नव्हती. कोणीं विचारलें तर मी सांगत असें, 'चाललें आहे, जमेल तसें.'

'जमेल तसें', 'शक्य तितकें', 'आपल्या परीनें' हे आपल्या भाषेंतील मोठे मायाळू शब्द आहेत. ते कोणाला दुखवीत नाहींत. बोलणाराला तर मुळींच नाहीं. परंतु त्यांच्या पोटांत काय आहे, याचा शोध अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांनीं घेतला आणि १९६८ सालीं आपला निष्कर्ष एका निबंधांत प्रसिद्ध केला. ज्यांना 'शक्य तितकें चांगलें करा' असें सांगितलें जातें, त्यांच्यापेक्षां ज्यांना निश्चित आणि थोडें अवघडच असें साध्य दिलें जातें त्यांचें काम अधिक होतें, असें त्यांना आढळून आलें. वरवर पाहतां यांत नवल तें काय, असें वाटेल. खरें नवल यांत आहे कीं, आपण सर्वजण याच्या उलट वागतों. मुलाला आपण काय सांगतों? 'मन लावून अभ्यास कर हो.' हाताखालच्या माणसाला काय सांगतों? 'जरा लक्ष घाला.'

प्रयोगशाळेंतली गोष्ट व्यवहारांत टिकतेच असें नाहीं. म्हणून दुसरें एक उदाहरण सांगतों, तें चांगलें घामाचें आणि धुळीचें आहे. ओक्लाहोमा या अमेरिकन संस्थानांत जंगलांत तोडलेले ओंडके मालमोटारींतून गिरणीकडे नेण्याचें काम चाले. एका मोटारीवर जास्तींत जास्त किती वजन घालावें याची मर्यादा कायद्यानें ठरलेली होती. चालक त्या मर्यादेच्या सुमारें साठ टक्केच माल भरीत. त्यांत आळस होता असें म्हणवत नाहीं. ओंडके लहानमोठे असतात, नजरेनें वजनाचा अंदाज बांधणें कठीण असतें, आणि मर्यादा ओलांडली तर पंचाईत. 'होईल तितकें भरा' असें त्यांना सांगून झालेंच होतें. गॅरी लॅथम आणि त्यांचे एक सहकारी यांनीं तेथें एवढाच फरक घडवून आणला कीं, मर्यादेच्या ९४ टक्के हें साध्य म्हणून ठरविलें. बक्षीस ठेवलें नाहीं, आणि तेथवर न पोंचल्यास शिक्षा होणार नाहीं असेंहि सांगितलें. पहिल्या महिन्यांत प्रमाण ऐंशीवर गेलें. दुसऱ्या महिन्यांत तें सत्तरावर उतरलें. कां, तर चालक परीक्षा पाहत होते! शिक्षा करणार नाहीं म्हणतात, पण खरोखरच करीत नाहींत ना, हें त्यांना पाहावयाचें होतें. कोणी कांहीं बोललें नाहीं, तेव्हां तिसऱ्या महिन्यांत प्रमाण नव्वदीवर पोंचलें आणि पुढें तेथेंच राहिलें. नऊ महिन्यांत त्या कंपनीचे सुमारें अडीच लक्ष डॉलर वांचले. हा वृत्तांत १९७५ सालीं प्रसिद्ध झाला आहे.

मला या हकीकतींत तो दुसरा महिनाच सर्वांत बोलका वाटतो. चुकलें तर डोकें उडणार नाहीं, अशी खात्री पटल्याशिवाय मनुष्य अवघड साध्याला मनापासून हात घालीत नाहीं. ज्या घरांत पंच्याऐंशी गुण मिळवून आलेल्या मुलाला 'बाकीचे पंधरा कोठें गेले?' असें विचारलें जातें, त्या घरांतील मूल पुढच्या खेपेस साध्यच लहान ठेवील किंवा गुणपत्रिका लपवील.

आंकडा ठरला, तरी वेळ आणि जागा ठरावी लागते. पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञानें १९९७ सालीं एका सहकारिणीबरोबर प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मोठा गमतीचा आहे. नाताळच्या सुट्टींत विद्यार्थ्यांनीं नाताळची पूर्वसंध्या आपण कशी घालविली याचें टिपण दोन दिवसांच्या आंत लिहून पाठवावयाचें होतें. निम्म्या विद्यार्थ्यांकडून तें टिपण नेमकें केव्हां आणि कोठें बसून लिहिणार हें आधींच लिहून घेतलें. दुसऱ्या निम्म्यांना तसें कांहीं विचारलें नाहीं. ज्यांनीं वेळ आणि जागा सांगितली होती त्यांपैकीं सुमारें तीनचतुर्थांश जणांनीं काम पुरें केलें. इतरांपैकीं सुमारें एकतृतीयांश जणांनीं. हें वाचलें तेव्हां मला आमच्या गुरुजींची आठवण झाली. तिथि, वार, नदीचें तीर! आम्ही शिऱ्याकडे डोळे लावून जें ऐकत नव्हतों, त्याची किंमत कळावयाला मला इतक्या लांबून यावें लागलें.

त्या वर्षींच्या पाडव्याला मीं बांधीव वहीच्या दुसऱ्या पानावर लिहिलें: 'दर रविवारीं दुपारीं चार वाजतां, आईनें चहाचा पेला खालीं ठेवला कीं, स्वयंपाकघरांत तिच्याजवळ बसून दहा शब्द.' कोशाचें नांव आणि माझें नांव असलेलें पहिलें पान मीं फाडून टाकलें. तें फाडतांना वाईट वाटलें, खोटें कशाला सांगूं?

पहिल्या रविवारीं दहा शब्द वीस मिनिटांत झाले. सतरा वर्षें जें 'चाललें' होतें, त्याला सुरुवात करावयास वीस मिनिटें लागलीं! त्या दिवशीं मला आनंद होण्याऐवजीं शरमच अधिक वाटली.

येथवरची हकीकत ऐकून कोणास वाटेल कीं, आंकडा ठरविला, वेळ ठरविली, आतां काय उणें राहिलें? पण आंकड्याच्या पोटीं दुसरें एक पाप असतें. दिवाळीच्या सुमारास मला असें आढळलें कीं, आईला दहाची गोडी लागली आहे. रविवार जवळ आला कीं ती बोटांवर मोजूं लागे. एके दिवशीं तिनें सांगितलेल्या दहांत 'शेततळें' आणि 'हरितगृह' असे दोन शब्द निघाले. मीं विचारलें, 'अगं आई, हे शब्द तुझे कुठले? हे वर्तमानपत्रांतले.' ती म्हणाली, 'मग काय करूं रे? आठच आठवले. तुझे दहा पुरे व्हायला नकोत का?'

मी हंसलों; पण रात्रीं वही चाळून पाहिली तेव्हां हंसूं मावळलें. मी स्वतः तरी काय करीत होतों? 'लोंबी' हा एक शब्द आणि 'भाताची लोंबी' हा दुसरा! तिनें निदान माझ्यासाठीं दहा पुरे केले होते. मीं ते माझ्या वहीसाठीं केले होते. मूळ हेतु शब्द वांचविण्याचा. त्याच्या जागीं दहा हा आंकडा केव्हां येऊन बसला, तें दोघांनाहि कळलें नव्हतें.

आमच्या घरांत याची किंमत दोनचार खोटे शब्द एवढीच होती. मोठ्या संस्थांतून ती किती होते याचें उदाहरण सर्वश्रुत आहे. वेल्स फार्गो ही अमेरिकेंतील एक जुनी आणि बलाढ्य बँक. प्रत्येक ग्राहक-कुटुंबाला आपल्या आठ निरनिराळ्या सेवा विकल्या जाव्यात असा तिचा आग्रह होता. आठ हा आंकडा शाखाशाखांतून घुमूं लागला. कर्मचाऱ्यांवर दररोजच्या विक्रीचा तगादा सुरू झाला. जी खातीं कोणीं मागितलीं नव्हतीं, तीं खातीं ग्राहकांच्या नकळत उघडलीं जाऊं लागलीं. तीं सुमारें वीस लक्ष असावींत असा अंदाज प्रथम झाला आणि पुढें तो आणखी वाढला. २०१६ सालीं त्या बँकेला साडेअठरा कोटि डॉलर दंड झाला. त्यापूर्वींच्या कांहीं वर्षांत तिनें सुमारें ५,३०० माणसें या कारणावरून कामावरून काढलीं होतीं. ग्राहकाचा आपल्यावर विश्वास असावा, त्यानें आपले सगळे व्यवहार आपल्याकडेच करावे, हा हेतु कांहीं वाईट नव्हता. आंकडा पुरा झाला आणि विश्वासच गेला.

आजकाल बहुतेक मोठ्या कचेऱ्यांतून वर्षारंभीं उद्दिष्टांचे तक्ते भरून घेण्याची चाल आहे. माझे श्रोते त्यांना चांगलेच सरावले असतील. ही कल्पना पीटर ड्रकर यांनीं १९५४ सालीं आपल्या व्यवस्थापनावरील ग्रंथांत मांडली. त्यांच्या मांडणींत उद्दिष्टांच्या जोडीला स्वनियंत्रण हा शब्द होता. प्रत्येकानें आपलें काम आपणच मोजावें, वरिष्ठानें पाठीशीं काठी घेऊन उभें राहूं नये, यासाठीं ती सारी खटपट होती. तक्ते राहिले, जोडीचा शब्द बहुतेक ठिकाणीं गळून पडला. असो, तो विषय मोठा आहे.

मीं आमच्या रविवारच्या कलमांत एक दुरुस्ती केली. दहा शब्द हा आंकडा ठेवला, पण प्रत्येक शब्दाबरोबर, तो गांवीं असतांना आई कोणाला उद्देशून कसा बोलली असती, तें एक वाक्य तिनें सांगावयाचें. 'हरितगृह' या शब्दाचें वाक्य तिला सांगतां येईना. ती स्वतःच म्हणाली, 'काढून टाक तो.' आणि वाक्यें तीं काय एकेक! रोंवळींत तांदूळ धुतांना सून पाण्याबरोबर दाणे सांडते, तिला सासू काय म्हणेल. पावसाचीं चिन्हें दिसत असतां उडवी रचावयाची राहिली, तर घरधनी गड्याला काय म्हणेल. शब्दासाठीं बसलों आणि एक सबंध गांव उठून बोलूं लागलें. कधीं दहा होत, कधीं सहाच होत. सहा झाले तर वहींत सहा लिहावयाचे, असा नियम ठेवला.

आणखी एका गोष्टीविषयीं थोडक्यांत बोलतों, कारण ती आपल्या घराघरांतील आहे. संकल्पांत गुरुजी शब्द सांगतात, पण नांव आणि गोत्र यजमानाचेंच घ्यावें लागतें. आपण मुलांचे संकल्प करतांना पुष्कळदां नांव आपलें घालतों. दुसऱ्यानें ठरवून दिलेलें साध्य माणूस मनापासून घेतो कीं नाहीं, यावर वर सांगितलेले लॅथम आणि इस्राएलमधील मिरियम एरेझ या विदुषी यांचा तीव्र मतभेद होता. लॅथम म्हणत, घेतो. एरेझ म्हणत, त्याला ठरविण्यांत भाग असल्याशिवाय घेत नाहीं. शेवटीं दोघांनीं लॉक यांना मध्यस्थ घेऊन मिळूनच प्रयोग केले आणि १९८८ सालीं ते प्रसिद्ध केले. विद्वानांच्या वादांत असा शेवट विरळा! त्यांत असें दिसलें कीं, साध्य देतांना लॅथम त्याचें कारण समजावून सांगत. एरेझ यांच्या प्रयोगांत तें नुसतें तुटकपणें सांगितलें जाई. दोघांच्या उत्तरांतील अंतर बव्हंशीं एवढ्यामुळेंच पडलें होतें. तेव्हां आईबापांनीं मुलाला वाट दाखवूंच नये असें नाहीं, पण 'कां?' या त्याच्या प्रश्नाला 'मी सांगतों म्हणून' हें उत्तर पुरत नाहीं.

आतां संकल्पाच्या शेवटच्या भागाकडे वळतों, आणि माझ्या मतें तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. शब्द उच्चारून झाले म्हणजे हातावरचें पाणी सोडावयाचें असतें. आपल्या भाषेंत 'एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणें' म्हणजे तिच्यावरचा हक्क टाकणें. दान देतांनाहि आपण उदक सोडतों. एखादी गोष्ट करण्याचा निश्चय आणि दुसरी एखादी सोडून देण्याचा निश्चय, या दोहोंना हाताची खूण एकच आहे. हा नुसता योगायोग असेल. पण मला तो फार अर्थपूर्ण वाटतो. दिवसाचे तास चोवीसच आहेत. जो नवें कांहीं करीन म्हणतो आणि जुनें काय सोडीन तें सांगत नाहीं, त्यानें पाणी हातांतच ठेवलें आहे.

पुण्यांत याचें एक ठसठशीत उदाहरण घडून गेलें आहे. १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तिच्या आजीव सभासदांचा संकल्प मोठा निश्चित होता: वीस वर्षें अध्यापन, दरमहा पंचाहत्तर रुपये. किती वर्षें तें ठरलेलें, काय करावयाचें तें ठरलेलें, आणि कशावर पाणी सोडावयाचें तेंहि बव्हंशीं ठरलेलें. कारण त्या विद्वानांना सरकारी नोकरींत किंवा वकिलींत याहून कितीतरी अधिक मिळालें असतें. तरीहि एक कोपरा मोकळा राहिला होता. सभासदानें बाहेरचीं कामें अंगावर घ्यावींत काय, त्यांतून होणारी जादा मिळकत स्वतःकडे ठेवावी काय? याच प्रश्नावर मतभेद वाढत गेले, आणि इतर कारणें त्यांत मिळून १८९० सालीं टिळकांनीं संस्था सोडली. ज्यांनीं एकत्र उपास काढले असते, ते स्नेही एका अस्पष्ट राहिलेल्या कलमावरून दुरावले. कोणाची बाजू बरोबर होती, यांत मी शिरत नाहीं. पण काय सोडावयाचें हें आरंभींच पुरें न बोलण्याची किंमत केवढी असूं शकते, हें दिसण्यासाठीं याहून मोठें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

टिळकांच्या जाण्यानें गणिताची जी जागा मोकळी झाली, तिच्यावर १८९१ सालीं गोखल्यांच्या बोलावण्यावरून धोंडो केशव कर्वे मुंबईहून आले. त्यांनीं १८९६ सालीं विधवांसाठीं आश्रम काढला आणि १९०० सालीं तो शहराबाहेर सुमारें चार मैलांवर हिंगण्यास नेला. तेव्हां तेथें जाण्यास धड रस्ता नव्हता. दिवसा महाविद्यालयांत गणित शिकवावें, संध्याकाळीं पायीं हिंगण्यास जावें, तेथें शिकवावें, आणि सकाळीं पुन्हा पायीं शहरांत यावें, असा त्यांचा क्रम दोन वर्षें चालला. आपण त्यांच्या ध्येयाच्या उंचीविषयीं पुष्कळ बोलतों. मला मात्र त्या संध्याकाळींचें कुतूहल वाटतें. पुण्याच्या विद्वान प्राध्यापकाला त्या काळीं संध्याकाळीं करण्यासारखें काय थोडें होतें? व्याख्यानें, भेटीगांठी, क्रमिक पुस्तकांचें किफायतशीर लेखन. दोन वर्षांच्या त्या सगळ्या संध्याकाळींवर त्यांनीं पाणी सोडलें. आणि आज अमुक काम झालें कीं नाहीं, हें त्यांना रोज रात्रीं हिंगण्यास पोंचतांच कळत असे.

माझ्या संकल्पांत हेंच कलम राहून गेलें होतें. रविवारची दुपार मीं शब्दांसाठीं ठेवली, पण तिच्यावर आधींपासून कोणाकोणाचा हक्क होता, हें पाहिलें नाहीं. उन्हाळ्यांत परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासण्याचें काम मी दर वर्षीं घेत असें. त्यांत चार पैसे मिळत आणि थोडा मानहि होता. पाडव्याला संकल्प लिहिला तेव्हां हें काम सोडावयाचें कीं नाहीं, असा प्रश्न मीं स्वतःला विचारलाच नाहीं. पहिलें वर्ष कसेंबसें निभावलें. दुसऱ्या वर्षीं गठ्ठे अधिक आले. एप्रिल ते जून या काळांतले नऊ रविवार त्यांत गेले. आई चार वाजतां चहा घेई, पेला खालीं ठेवी, आणि माझ्या खोलीच्या दाराकडे पाही. एकदां ती दारांत येऊन म्हणाली, 'आज नाहीं ना? बरं. मी लक्षांत ठेवतें.' मीं लाल शाईची लेखणी न थांबवितां मान हालविली.

आषाढांत आई गेली. थोड्या दिवसांचें आजारपण झालें.

वहींत चारशें एकतीस शब्द आहेत, प्रत्येकापुढें तिचें वाक्य आहे. शेवटच्या रविवारचे शब्द सात आहेत. त्या दिवशीं तिला धाप लागत होती, म्हणून मीच वही मिटली. सातवा शब्द शेतांत पहिलें पाणी घेण्याच्या संबंधांतला आहे, एवढें तिनें सांगितलें होतें. वाक्य सांगावयाचें राहिलें. मीं तो पुढें पुष्कळ कोशांत पाहिला, गांवाकडच्या दोघांतिघांना विचारला. त्यांना तो माहीत नाहीं. घाईनें लिहिल्यामुळें त्याचा उच्चारहि मला आतां खात्रीनें लागत नाहीं, म्हणून येथें म्हणून दाखवीत नाहीं. त्याच्यापुढें माझ्या अक्षरांत लिहिलेलें आहे: 'वाक्य पुढच्या रविवारीं विचारणें.'